गुल्हाने सरांच्या रेघा

गुल्हाने सर दिसायला कसे होते, ते मला सांगता यायचं नाही. कोणी म्हणायचं काळेसावळे, कोणी म्हणायचं गव्हाळ. माझी नजर मी पाळण्यात असतानाच तापात गेली, त्यामुळे मला दोन्ही सारखंच. पण सर व्हरांड्याच्या टोकाला आले की मला इकडे वर्गात कळायचं. उजव्या पायाची चप्पल फरशीला घासत यायची, खिशातली बडीशेपेची डबी खुळखुळायची, आणि त्यांच्याही दोन पावलं आधी पांढऱ्या गोंदाचा आंबूस वास दारात येऊन उभा राहायचा.

अमरावतीच्या आमच्या अंध मुलामुलींच्या निवासी शाळेत ते शिक्षक म्हणून आलेच नव्हते. कॉम्प्युटर ऑपरेटर अशी त्यांची कंत्राटी नेमणूक होती. पत्रं टाइप करायची, पगारपत्रकं काढायची, ब्रेलचं छपाईयंत्र अडकलं तर त्याला दोन थापा मारून सरळ करायचं, एवढंच काम. त्याआधी अठरा वर्षं दर्यापूरला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. घरोघरी कॅमेऱ्याचे मोबाइल आले, पासपोर्ट फोटोपुरतंही गिऱ्हाईक येईना, तेव्हा शटर ओढून ते आणि त्यांच्या पत्नी मंदाकाकू अमरावतीला आले. त्याचं दुःख त्यांनी कधी उगाळलं नाही. उलट म्हणायचे, "अठरा वर्सं दर्यापूरच्या नवऱ्या गोऱ्या करून करून माह्यी बोटं दुखली. पोरगी जशी हाय तशी कोनालेच नको. आता रंगच काढून टाकतो. झंझट खतम."

त्यांना 'सर' आम्ही पोरांनी केलं. ऑफिसातल्या बाबूंना ते आवडायचं नाही. "ते सर नाहीत, ऑपरेटर आहेत," असं आम्हाला एकदोनदा सांगून झालं. आम्ही मान हलवली आणि पुन्हा सरच म्हणालो.

या सगळ्याची सुरुवात गाईच्या शेपटीपासून झाली. मी पाचवीत होते. माझ्या बाकावर शबाना बसायची, अचलपूरची. बाई शिकवत होत्या की गाईला चार पाय, दोन शिंगं आणि एक शेपूट असते. शबानाने विचारलं, "बाई, शेपूट कुठून निघते? पाठीतून का पोटातून?"

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "मागून निघते," आणि पुढे गेल्या. शबाना मात्र तिथेच अडकली. तिने गाय ऐकली होती, तिचा वास घेतला होता, एकदा रस्त्यात तिची धडकही खाल्ली होती. पण अख्खी गाय तिच्या हाताला कधी लागली नव्हती. त्या वेळी सर कसल्यातरी कागदावर बाईंची सही घ्यायला दारात उभे होते. सही झाली तरी चपलेचा आवाज परत फिरला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. खोली म्हणजे जिन्याखालची जागा. तिथे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि तीन स्टुलं. कॉम्प्युटरला ते 'सायेब' म्हणत. मशीन जुनं होतं, एकेका कामाला मिनिटं घ्यायचं. तोवर सर म्हणायचे, "सायेब विचार करून राहिले. गप बसा."

काम करताना हात करत असेल ते तोंडाने बोलायची त्यांना सवय होती. त्यामुळे फोटोची रेघ कशी होते हे मला आजही पाठ आहे. "हा घेतला गाईचा फोटो. आता याचा रंग काढला. राह्यलं काळंपांढरं. आता याचीच एक नक्कल वर ठेवली. ते उलटी केली, म्हनजे काळं ते पांढरं आन् पांढरं ते काळं. आता दोघी एकमेकीत मिसळल्या. सगळं कोरं झालं. गाय गायब. आता वरच्या नकलेले जराशी धुंद करतो… जराशी… पाह्य! आली रेघ!"

'पाह्य' हा शब्द ते आम्हाला बिनदिक्कत वापरत. बाकीची मंडळी आमच्यासमोर 'बघ' म्हणून गेली की जीभ चावायची, माफी मागायची. सरांच्या मनात तसलं काही येतच नसे. त्यांच्या दृष्टीने आम्ही पाहणारीच पोरं होतो. फक्त आमच्यासाठी कागद वेगळा बनवावा लागायचा.

तो कागद त्यांनी असा बनवला. मंदाकाकू शिवणकाम करायच्या. त्यांच्या डब्यात एक दातेरी चाक होतं, कापडावर खुणा पाडायचं. ब्रेलच्या जाड कागदावर छापलेली गाय ठेवायची, खाली दुहेरी घडीची चादर, आणि वरून एकेका रेघेवर चाक दाबत न्यायचं. कागद उलटला की दुसऱ्या बाजूला टिंबांची उठलेली रेघ मिळायची. सर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चाक फिरवत होते. मग मोठ्या हौसेने त्यांनी कागद शबानाच्या पुढ्यात ठेवला. तिने दोन्ही हात फिरवले, पुन्हा फिरवले आणि विचारलं, "सर, हे बोरीचं झाड हाय का?"

सॉफ्टवेअरने गाईच्या अंगावरचा केस न् केस शोधून काढला होता, मागचं गवतही सोडलं नव्हतं, आणि सरांनी इमानदारीने त्या सगळ्यावर चाक फिरवलं होतं. मग डबी वाजली, बडीशेप तोंडात गेली, आणि कागद टरकन फाटल्याचा आवाज आला.

"चूक माह्यी हाय," सर म्हणाले. "फोटो खोटं नाही बोलत, पन लय बोलते. त्याले गप करा लागते."

हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. रेघ कमी करणं हेच त्यांचं खरं काम झालं. फिल्टर चालवायला पाच मिनिटं लागायची, आणि खोडायला पाच दिवस. एक रेघ खोडायची, कागद काढायचा, आमच्यापैकी कोणाच्या तरी हातात द्यायचा, आमच्या बोटांकडे पाहत बसायचं. बोट अडखळलं की ती रेघ गेली.

दुसरी गाय स्वच्छ निघाली, पण शबानाने पाय मोजले. तीनच. "सर, हिचा एक पाय कोनं नेला?" फोटोत चौथा पाय तिसऱ्याच्या मागे लपला होता. डोळ्यांना तो नसलेला पाय दिसतो. बोटांना दिसत नाही. हे सरांना अठरा वर्षं फोटो काढून माहीत नव्हतं, असं त्यांनीच कबूल केलं. मग रविवारी ते आपला जुना कॅमेरा घेऊन दर्यापूरला गेले, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात. गाय नेमकी आडवी, चारी पाय वेगवेगळे दिसतील अशी उभी राहायला पाहिजे होती आणि ती काही केल्या राहीना. दोन तास सर गोठ्यापुढे उकिडवे बसले. शेवटी मालक बाहेर आला.

"काहून हो फोटोग्राफर, गाय विकाची नाही आमाले."

"मलेही घ्याची नाही. मले तिचे चार पाय पाह्यजेत फक्त."

"बाप्पा! चार पाय तुमी नेसान, मंग आमची गाय उभी कशावर राहीन?"

ही गोष्ट सर दोन्ही आवाज काढून सांगायचे आणि शेवटी स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचे. तिसरी गाय मात्र अशी आली की शबानाचं बोट पाठीवरून सरळ मागे गेलं, तिथून वळून शेपटीवर आलं आणि खाली खाली उतरत झुबक्यापाशी थांबलं. "एवढ्या वरून निघते!" ती ओरडली. सर नुसती चप्पल घासत बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले.

त्यानंतर जिन्याखालच्या खोलीत रांग लागली. कोणाला मोर हवा होता, कोणाला एसटी, कोणाला विहिरीचा रहाट. सरांचं ऑफिसचं काम मागे पडू लागलं. पगारपत्रकं उशिरा निघायची, बोलणी बसायची. तशी सरांची वागणूक काही फार सोज्वळ नव्हती. वेळेवर येणं त्यांना कधी जमलं नाही. अर्ज लिहायचा म्हटलं की डोकं धरायचे. रागावले की माऊस आपटायचे; असे दोन माऊस त्यांनी आमच्या देखत, म्हणजे आमच्या कानादेखत, खलास केले. आणि 'सेवा' हा शब्द त्यांना चालायचा नाही. एकदा एक दानशूर गृहस्थ शाळा पाहायला आले. आमच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी बरेच फोटो काढून घेतले आणि सरांना म्हणाले, "फार पुण्याचं काम करता तुम्ही." सर म्हणाले, "तुमचा एक फोटो द्या मले. पोट्ट्याईले तुमी कसे हा ते समजू द्या." दोन दिवसांनी गृहस्थांची रेघ आमच्या हातात आली. बाकी सगळ्या रेघा कमी केलेल्या. पोटाची तेवढी एकही कमी केलेली नव्हती. मुलींच्या खोलीत ते चित्र फिरलं तेव्हा कोणीतरी भाबडेपणाने विचारलं, "या बाईले किती महिने झाले?"

सातवीत असताना नकाशाची गंमत झाली. चाक कागदाच्या मागून फिरतं, म्हणून पुढे येणारं चित्र उलटं असतं. उजवं ते डावं होतं. गाय डावीकडे तोंड करून उभी राहिली काय की उजवीकडे, बिघडत काहीच नाही. पण महाराष्ट्राचा नकाशा करताना छापण्याआधी चित्र आडवं उलटवून घ्यावं लागतं आणि सर नेमकं तेच विसरले. वर पुन्हा गावांच्या ब्रेल चिठ्ठ्या त्यांनी पडद्यावरचा नकाशा पाहून चिकटवल्या. मी किनाऱ्यावरून बोट नेत वर गेले, तर समुद्राला लागून चिठ्ठी लागली. वाचली. पुन्हा वाचली.

"सर," मी म्हटलं, "अमरावतीले समुद्र आला."

सर धावत आले. पाहिलं. आणि असे हसत सुटले की त्यांना ठसका लागला. तोवर बातमी वसतिगृहभर पोचली होती. कोणी मासे मागितले, कोणी होडी. मोर्शीच्या संत्र्यांना आता मीठ लावावं लागणार, असं मीही म्हणून घेतलं. सरांनी नवा कागद करायला घेतला तेव्हा सगळ्यांनी ओरडा केला. मग ते म्हणाले, "बरं, आजच्या दिवस राहू द्या बाप्पा. उद्या समुद्र परत नेतो."

आता आईची गोष्ट सांगते.

माझं गाव मोर्शीजवळ. आई मी तीन वर्षांची असताना गेली. मला तिचं काहीच आठवत नाही. एका दिवाळीत बाबा मला घ्यायला आले तेव्हा मी त्यांच्याकडून आईचा फोटो मागून घेतला आणि सुट्टीनंतर सरांकडे नेला. पासपोर्ट आकाराचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. मला वाटलं होतं, सर लगेच कामाला लागतील. त्यांनी फोटो पाहिला आणि माझ्या हातात परत ठेवला.

"चेहरा नाही काढत मी, वनिता."

"काहून?"

"दोन डोये, एक नाक, एक तोंड. तुह्या आईच्या तेवढ्याच रेघा, माह्या आईच्याही तेवढ्याच. बोटाले फरक नाही समजत. कोनतीबी बाई तुह्या हातात देऊन हे तुही माय हाय म्हनून सांगू का? खोटं कायले देऊ तुले?"

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. चपलेचा आवाज आला की उठून जायची. ते खरं बोलत होते हे मला कळत होतं, आणि म्हणूनच राग जास्त होता.

त्यानंतर एका रविवारी ते एसटीने आमच्या गावी गेले, हे मला नंतर कळलं. बाबांनी घरातली फोटोंची पेटी त्यांच्यापुढे ठेवली. तिच्यात काही मिळालं नाही. मग सर बाबांना घेऊन नातेवाइकांकडे गेले. लोकांनी चहा केले, लग्नांचे अल्बम काढले. चौथ्या की पाचव्या घरात, माझ्या मावसकाकांच्या लग्नाच्या एका फोटोत, मांडवातल्या गर्दीच्या कोपऱ्यात आई बसलेली सापडली. कॅमेऱ्याकडे लक्ष नाही, मांडीवर मी.

पुढचे कितीतरी दिवस ते त्या एका फोटोवर बसले. गर्दी खोडली, खुर्च्या खोडल्या, मांडवाच्या झालरी खोडल्या. मग एका दुपारी मला बोलावलं आणि माझं बोट धरून कागदाच्या वरच्या कडेशी नेलं.

"हे डोकं. हा डोक्यावरचा पदर. हा खांदा, मंग हा हात असा खाली येते. हा दुमडलेल्या मांडीचा गुडघा. आन् हे बारकं गोल, हे तू."

मी त्या बारक्या गोलावरून बोट फिरवलं. तिथून खाली उतरले, तर रेघ संपली. कोरा कागद. बराच खाली, इवल्याशा पायापाशी, ती पुन्हा सुरू झाली.

"सर, इथं रेघ राह्यली."

"राह्यली नाही. नाहीच हाय तठी."

मग ते हळू बोलू लागले. एरवी त्यांना हळू बोलता यायचंच नाही.

"तुह्या मायनं आपल्या साडीच्याच कापडाचं झबलं शिवलं होतं तुले. फोटोत दोघींचा रंग एक. सायेबांनी लय शोधलं. माय कुठी सरते आन् तू कुठी सुरू होते, ते त्याईले सापडलंच नाही. म्या हातानं रेघ मारून पाह्यली एकडाव. मंग खोडली."

मी त्या कोऱ्या जागेवर हात ठेवून बसून राहिले. सरांनी मला उठवलं नाही. घंटा झाली, दुसरी झाली. बाहेर कोणीतरी मला शोधत आलं, त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

पुढच्या सुट्टीत मी बाबांना झबल्याचं विचारलं. बाबा मुळात कमी बोलणारे. पण त्या दिवशी अंगणात बसून ते पहिल्यांदाच आईबद्दल बोलले: ती शिवायची कशी, धागा दाताने कसा तोडायची, साडीचा काठ उसवून तिने माझ्या टोपड्याला कसा लावला. बोलता बोलता जेवण निवून गेलं. बाबांनी इतकी वर्षं हे का सांगितलं नव्हतं, तर कोणी विचारलं नव्हतं म्हणून. आणि मी विचारलं नव्हतं, कारण काय विचारायचं तेच मला ठाऊक नव्हतं.

एवढं सगळं मिळालेली मी, दहावीत त्यांच्याशी कशी वागले तेही सांगितलं पाहिजे.

नकाशाच्या आणि आकृत्यांच्या प्रश्नांऐवजी आम्हा मुलांना दुसरे, लिहायचे प्रश्न मिळत. मी हट्ट धरला की मी नकाशाच सोडवणार. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मनाने चांगल्या होत्या. त्यांनी मला समजावलं, "कशाला भानगड? चुकलीस तर हातचे गुण जातील." सर तिथेच होते. म्हणाले, "मॅडम, मी रेघा देतो. ते शिकीन." अख्खी उन्हाळ्याची सुट्टी, अमरावतीच्या त्या उन्हात, ते आणि मंदाकाकू घरी बसून माझ्यासाठी कागद करत होते. पुस्तकाच्या पानांचे फोटो काढायचे, त्यातली अक्षरं पुसायची, रेघा मोकळ्या करायच्या. नद्यांच्या वळणांचे, चिखलदऱ्याच्या डोंगरकड्यांचे फोटो सरांनी स्वतः जाऊन काढले होते. त्या सगळ्या कागदांचा एक गठ्ठाच झाला.

शाळेच्या सराव परीक्षेत माझ्यापुढे सरांच्या गठ्ठ्यातला नकाशा आला आणि मला काहीच लागेना. नद्या अर्ध्यात तुटत होत्या. डोंगराच्या जागी सपाट. गठ्ठ्यात एकावर एक ठेवलेले कागद, वरून उन्हाळा. टिंबं दबून बसली होती. त्यात माझी बोटं घामाने ओली. मी सगळे प्रश्न चुकवले. बाहेर आले तेव्हा सर दारात उभे होते. त्यांनी "कसं गेलं?" एवढंच विचारलं, आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "तुमच्या रेघा खोट्या आहेत! मॅडम बरोबर म्हणत होत्या!"

चप्पल घासत लांब गेली. दोन दिवस सर शाळेत आले नाहीत. ते दोन दिवस मला फार जड गेले. शबाना माझ्याशी बोलेना. ती एवढंच म्हणाली, "ज्या मानसानं तुह्या मायले शोधून आनलं, त्याले तू खोटा म्हनली."

तिसऱ्या दिवशी सर आले. मी माफी मागायला उठले, तर त्यांनी मला बोलूच दिलं नाही. माझ्या हातात एक पुठ्ठा दिला. त्यावर नकाशा होता, पण टिंबांचा नव्हता. रेघेवर गोंद लावून त्यावर दोरा बसवला होता. किनाऱ्याला सुतळी, नद्यांना शिवणाचा बारीक धागा, राज्याच्या सीमेला पीळ घातलेला जाड दोरा. प्रत्येकाचा स्पर्श वेगळा.

"टिंब दबते," सर म्हणाले. "दोरा नाही दबत. तू बोलली म्हनून समजलं. नाही त बोर्डाच्या परीक्षेत समजलं असतं." आणि मग, "मंदानं दोन रात्री जागून बसवला. तिले थँक्यू म्हनजो. मले नको."

गठ्ठ्यातले सगळे कागद त्यांनी पुन्हा पुठ्ठ्यावर केले. परवानगी काढून बोर्डाच्या परीक्षेतही मी पुठ्ठ्यावरचाच नकाशा घेतला, आणि तो बरोबर आला. आज मी अकोल्यात एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवते, डोळस मुलांना. फळ्यावर लावलेल्या नकाशाकडे पाठ करून मी नद्या सांगते; पोरं समोर नकाशात ते पडताळून पाहायची. पहिल्या महिन्यात ते फार करायची. आता करत नाहीत.

मी कॉलेजात असताना शाळेला बाहेरून तयार चित्रांचे संच आले आणि एक यंत्रही आलं. त्याच्या खास कागदावर काळी रेघ छापून तो तापवला की रेघ आपोआप फुगून वर येते. सरांचं कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही. मला ते ऐकून संताप आला. सर शांत होते. "मशीन चांगली हाय वं. तिचा हात दुखत नाही," ते म्हणाले. मंदाकाकूंचं माहेर अकोल्याचं; ते दोघं तिकडे गेले. ग्रॅनाइटच्या फरशीवर माणसांचे चेहरे कोरून देणाऱ्या एका दुकानात सर फोटोंच्या रेघा काढून द्यायला लागले. नोकरी लागून मी अकोल्याला गेले तेव्हा पहिल्यांदा त्यांचंच घर शोधलं.

तिथे पाहते तर रविवारी त्यांच्या बैठकीत चार-पाच शिक्षिका बसलेल्या. कोणी दर्यापूरहून जीपने आलेली, कोणी अचलपूरहून पहाटेच्या एसटीने. प्रत्येकीच्या वर्गात एखादं-दुसरं अंध लेकरू होतं. सर त्यांना शिकवत होते, फुकट, ओरडून ओरडून. "बाई, किती रेघा ठेवून राहिल्या! खोडा! तुमाले चांगलं दिसते म्हनून ठेवू नका!" मग मीही दर रविवारी जाऊ लागले. मला कामही ठरवून दिलं होतं. बायकांनी केलेले कागद माझ्या पुढ्यात यायचे आणि मी ओळखायचं. मला ओळखता आलं नाही की सर खूश व्हायचे. "नापास! पुन्हा करा!"

या वर्षी थंडीत ते गेले. झोपेतच. मंदाकाकूंचा सकाळी फोन आला, तेव्हा माझ्या हातात सरांकडून तपासायला आणलेला एक कागद होता, चुलीचा. तो बरोबर होता. सांगायचं राहून गेलं.

आमची शेवटची भेट त्याच्या आदल्या रविवारची. संध्याकाळी ते मला रिक्षात बसवून द्यायला कोपऱ्यापर्यंत आले. थोडं चाललं की त्यांना दम लागायला लागला होता, तरी ऐकायचे नाहीत. रिक्षा ठरली, मी बसले. डोक्यावरून गाड्यांचा आवाज जात होता. मी म्हटलं, "सर, या पुलाखालून मी रोज जाते. पण तो कसा आहे ते काही लक्षात येत नाही."

"हात आन इकडे."

त्यांनी माझा उजवा तळहात उघडून आपल्या हातावर घेतला आणि नखाने रेघ ओढायला लागले. "हे तुह्या मनगटापाशी रस्ता. इथून चढते. चढते, चढते. इथं वळन घेते. त्याच्या खालून हे दोन रस्ते आडवे जातात, त्यातला हा तुह्या शाळेचा…"

रिक्षावाला कंटाळला. "काकाजी, चला ना. मागं गाड्या उभ्या हायत."

"थांब ना बाप्पा," सर म्हणाले. "पूल अर्धाच झाला हाय."

मागचे हॉर्न वाजत राहिले. सर घाई न करता करंगळीच्या बुडापर्यंत आले, तिथे नख जरा दाबलं, पूल जमिनीला टेकवला.

"झाला. ने आता. हळू नेजो."

रिक्षा सुटली. एका हाताने मी दांडा धरला. दुसरा तसाच उघडा मांडीवर ठेवला, घर येईपर्यंत.